दोन तळहातांचं मशीन

चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं नोकरी करतो. आम्ही यंत्रांचे कंट्रोल पॅनेल बनवतो. पत्र्याची पेटी, आत वायरिंग, वर बटणं किंवा हल्ली काचेचा स्क्रीन. या पेटीवर कोणती वस्तू किती उंचीवर आणि किती अंतरावर बसवायची, हे ठरवणं माझ्याकडे असतं. त्यासाठी मी माणसांचे हात मोजतो. वीत किती, अंगठा कुठवर पोचतो, उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून किती वर येतं. घरी मला याबद्दल चिडवतात. लग्नात कुणाशी हस्तांदोलन केलं तरी ह्यांच्या डोक्यात सेंटीमीटर चालू असतात, असं बायको म्हणते. तिचं म्हणणं फारसं चुकीचं नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे आमच्याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम आलं. त्याच कारखान्यात माझी बायको कामाला आहे, आणि ज्या मशीनचं पॅनेल बदलायचं होतं त्याच मशीनवर ती बसते.

ते मशीन टॉवेल कापतं आणि कडा दुमडून शिवतं. मागून टॉवेलचं लांबच लांब कापड आत जातं, मध्ये एक रुंद पातं वरून खाली येतं, आणि पुढून सुटे टॉवेल बाहेर पडतात. त्यावर दोन बायका लागतात. पुढची मशीन चालू करते आणि तयार टॉवेलांचे गठ्ठे करते. मागची कापड सरळ ठेवते आणि पात्याच्या तोंडाशी साचणारा कापसाचा तूस हाताने काढते. मागे माझी बायको. पुढे आमच्याच गल्लीतल्या एक तेलुगू बोलणाऱ्या बाई, बायकोपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सगळ्या त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो.

जुन्या पॅनेलवर एकच हिरवं बटण होतं. तूस जाऊन जाऊन ते अडकायचं आणि दाबलेलंच राहायचं. बायको हे घरी हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. मागच्या बाजूला पात्यावर एक झाकण असायला हवं होतं, ते आम्ही मापं घ्यायला गेलो त्याच्या आधीच कुणीतरी काढून ठेवलं होतं, कारण झाकण असलं की तूस काढता येत नाही. मेन स्विच होता भिंतीवर, कापडाच्या गाठोड्यांच्या मागे. तिथवर जाऊन तो कुणी बंद करत नसे. म्हणजे माझ्या बायकोची दहा बोटं आणि ते पातं यांच्यामध्ये फक्त पुढच्या बाईचा हात होता. त्या दिवसापासून ती कामावर निघाली की मी तिच्या हातांकडे बघायचो.

कारखान्याच्या मालकांना बटणं नको होती. "मोबाइलसारखं करा," ते म्हणाले. "बाहेरचे गिऱ्हाईक येतात, त्यांना दिसलं पाहिजे."

काच लावायला माझी हरकत नव्हती. काचेत तूस जात नाही. पण बोटाने चालणारी काच तिथे उपयोगाची नव्हती. अक्कांनी उमेदीची सगळी वर्षं विड्या वळल्या आहेत. त्यांच्या बोटांची टोकं इतकी कोरडी आणि कडक आहेत की साध्या मोबाइललाही ती कळत नाहीत. मी तिथल्या सगळ्या बायकांचे हात मोजले. सर्वांत लहान वीत साडेसोळा सेंटीमीटर, सर्वांत मोठी वीस. बोटांची टोकं कुणाची सुईने टोचलेली, कुणाची चिरलेली. तळहात मात्र सगळ्यांचे मऊ आणि ओलसर. म्हणून मी तळहात घेतला. काचेवर दोन गोल, खांद्यांइतक्या अंतरावर. दोन्ही तळहात एकाच वेळी सपाट टेकवायचे, एक सेकंद थांबायचं, की मशीन चालू.

यात माझा हिशोब सरळ होता. पुढच्या बाईचे दोन्ही हात काचेवर आहेत, म्हणजे तिचा हात आत नाही. आणि मागच्या बाईच्या दृष्टीने पाहिलं, तर मशीन चुकून चालू होणार नाही. चुकून एक हात टेकेल, कोपर टेकेल, गठ्ठा टेकेल. चुकून दोन्ही तळहात, एकदम, सपाट, सेकंदभर कोण टेकवेल? मी ओला फडका टेकवून पाहिला, पाटल्या घातलेलं मनगट टेकवून पाहिलं, टॉवेलांचा ढीग काचेवर ढकलून पाहिला. मशीन हललं नाही. नवरात्राच्या सुरुवातीला आम्ही पॅनेल बसवून दिलं. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

अष्टमीच्या सकाळी मला भवानी पेठेतच, घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका पॉवरलूमच्या शेडमध्ये मापं घ्यायला जायचं होतं. बायको तिच्या बसने केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून शेडमध्ये झाडलोट चाललेली. मी टेप काढून एका मागाजवळ उभा होतो. तेवढ्यात त्या मागावरचे विणकर आले. साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांनी सदरा खिळ्याला लावला, चपला बाजूला काढल्या, मागासमोर उभे राहिले आणि दोन्ही तळहात मागाच्या पुढच्या दांडीवर टेकवले. डोळे मिटले. ओठ हलले. मग दोन्ही हात डोळ्यांना लावले आणि हँडल ओढलं.

हे मी जन्मापासून बघत आलो आहे. आमच्या गल्लीतले रिक्षावाले रिक्षाला असाच हात लावतात, दुकानदार शटर उघडताना उंबऱ्याला लावतात. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून आपण बघत नाही. त्या दिवशी हातात टेप होती म्हणून असेल, माझ्या डोळ्यांनी आपोआप अंतर मोजलं. खांद्यांइतकं. तळहात सपाट. दोन्ही एकदम. आणि सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ.

टेप हातातून सुटून सर्रकन गुंडाळली गेली. मी तिथेच शेजारच्या बंद मागाला टेकलो.

"काय झालं हो?" विणकर म्हणाले. "पित्त खवळलं काय? च्या घ्या की."

मी टेप खिशात घातली. बाहेर येऊन बायकोला फोन लावला. तो बंद. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात, हे मला माहीत होतं, तरी लावला. मग तिथल्या सुपरवायझरला लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला, परत वाजत राहिली. मी स्कूटर काढली.

भवानी पेठेतून चिंचोळी म्हणजे पुणे रस्त्याला लागून बरंच अंतर. तो सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच गणित फिरत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. काचेला तळहात ओळखायला एक सेकंद. पातं खाली यायला अर्धा सेकंद. हा आकडा मी स्वतः घड्याळ लावून काढला होता. म्हणजे नमस्कार सुरू झाल्यापासून दीड सेकंद. नमस्कार दीड सेकंदापेक्षा मोठा असतो. अक्कांचा तर चांगला लांब असतो. त्या काहीतरी तेलुगूत पुटपुटतात. आणि त्यांचे डोळे मिटलेले असतात.

मन दुसरीकडून समजूत घालत होतं. पॅनेल बसून आठवडा झाला, काही झालं असतं तर कळलं असतं. पण आकड्यांचं काम करणाऱ्याला अशी समजूत पुरत नाही. आठवडाभर झालं नाही, याचा अर्थ आठवडाभर झालं नाही, एवढाच. शिवाय आजचा दिवस रोजच्यासारखा नव्हता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन आतून पुसतात. रोज बोटं आत जातात, आज कोपरापर्यंत हात जाणार. एका ट्रकच्या मागे मी अडकलो होतो, त्याच्या फाळक्याकडे बघत होतो आणि मला फाळका दिसत नव्हता. मला तिच्या उजव्या हाताची हिरवी काकणं दिसत होती आणि त्यांच्या पुढचं काही दिसत नव्हतं.

गेटवर वॉचमनने अडवलं. "पास किधर है साब? आज बाहर का आदमी नै छोडना बोले."

"मी पॅनेलवाला आहे. माझी बायको आत आहे."

"बीवी तो सबकी अंदर है," तो म्हणाला आणि हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं, त्याने बाजूची साखळी सोडली.

आत मशिनं बंद होती. झाडूचे, पाण्याचे, बायकांच्या बोलण्याचे आवाज. आमचं मशीन हॉलच्या शेवटाला. लांबूनच मला काच दिसली: निळा उजेड, दोन गोल. म्हणजे वीज चालू होती. मागच्या बाजूला माझी बायको पाटावर बसलेली, खांदा मशीनला टेकलेला, उजवा हात कोपरापर्यंत आत. आणि पुढे अक्का फडका पिळून, तो खांद्यावर टाकून, पायातल्या चपला काढत होत्या.

मी ओरडलो. काय ओरडलो ते नंतर तिथल्या बायकांनी सांगितलं. "अक्का, हात!" एवढंच. अक्का दचकून वळल्या. त्यांचे दोन्ही तळहात हवेत तसेच राहिले. बायकोने डोकं वर केलं, पण हात आतच.

"हात बाहेर काढ!"

"अहो, काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"आधी हात काढ."

तिने काढला. तुसाने माखलेला, पण पूर्ण. मी पाच बोटं मोजली. खरंच मोजली. मग मी तिथल्याच एका गाठोड्यावर बसलो.

अक्का जवळ आल्या. "भाऊ, भूत बघितल्यावानी काय करायलाव? पाणी आण गं कुणीतरी."

"अक्का, तुम्ही मशीनला नमस्कार करणार होता ना?"

"मग? हात लावल्याबिगर कामाला लागू काय?"

"नमस्कार केला की मशीन चालू होतं."

"होतंय की!" अक्कांचा चेहरा एकदम खुलला. "रोज होतंय. तेच तर सगळ्यास्नी सांगायले मी. एवढी वर्षं काम केलं, असं मशीन बघितलं न्हाय. नुसतं हात टेकून देवाचं नाव घेतलं की आपणहून सुरू. लई गुणाचं हाय. भाऊ, तुम्ही मुद्दाम तसं केलाव म्हणून मी ह्या सगळ्यांना सांगितलं."

आजूबाजूच्या बायका कौतुकाने माना डोलवत होत्या. मी बायकोकडे बघितलं. ती तुसाचे गोळे बोटांवरून सोडवत होती.

"तुला माहीत होतं?"

तिने तुसाचा शेवटचा गोळा झटकला. मग तिने डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. नख बोटाच्या टोकालगत, सरळ रेषेत कापलेलं. नखं कापल्यावर कडा गोलसर येते. ही पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "नखच गेलं फक्त. लागलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढी मापं घेऊन केलेलं. अक्का इतक्या खूश. मी काय सांगणार? आणि आता त्या आधी आवाज देतात की, 'हात' म्हणून. बहुतेक वेळा देतात."

बहुतेक वेळा. हा शब्द मी तिथे बसून दोन-तीनदा मनात म्हटला. आत्ता अक्कांनी चपला काढल्या तेव्हा आवाज दिला नव्हता.

एवढ्यात सुपरवायझर आला. टेंभुर्णीकडचा, तिशीतला, वाईट माणूस नाही. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने काचेकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि म्हणाला, "मग सोपं हाय. बोर्ड लावू. मशीनला नमस्कार करू नये."

"मशीनला करू नये?" अक्का म्हणाल्या. "मग कुणाला करावं, तुला?"

बायका हसल्या. सुपरवायझरही हसला. मला कळलं होतं की बोर्डाचा उपयोग नाही. जो हात इतकी वर्षं कामाआधी टेकत आला आहे, तो वाचून थांबत नाही. तो टेकतो तेव्हा डोळे मिटलेले असतात.

माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर होता. मी पॅनेलची पेटी उघडली आणि आतला फ्यूज काढला. काच काळी झाली.

"ओ साहेब, हे काय?" सुपरवायझर म्हणाला. "उद्या मालकांच्या घरचे सगळे यायलेत पूजेला. स्क्रीन चालू पाहिजे म्हणून सांगितलंय. त्यासाठीच तर मेन चालू ठेवलाय."

त्याने मालकांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी सांगितलं. मालक शांतपणे ऐकत होते.

"सेफ आहे असं तुम्हीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो, मीच सांगितलं होतं."

"आणि उद्या माझ्या आईला मी काय सांगू? नमस्कार करू नको?"

"त्यांनी करावा. सगळ्यांनी करावा. वीज मात्र नसेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पूजा होईपर्यंत ठेवा बंद. पण दसऱ्यानंतर पहिल्या पाळीला मशीन चालू पाहिजे. ऑर्डर आहे. तुमच्या शेठशी मी बोलतो."

गेटपर्यंत बायको माझ्याबरोबर आली. तिथे ती माझ्यावर चिडली. गेली कित्येक वर्षं ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती.

"तुम्ही फ्यूज काढलात. उद्या मला काढतील."

"काढू देत."

"काढू देत म्हणे. मागे मी नाही बसले तर दुसरी बसेल. तिला दहा बोटं नाहीत का? तिला सांगायला कुणाचा नवरा येणार आहे पळत?"

फ्यूज खिशात होता. मी त्यावर हात ठेवून स्कूटरपर्यंत गेलो.

खंडेनवमीला मी तिथे गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. मशीन धुऊनपुसून लख्ख केलेलं, झेंडूच्या माळा, पुढे ऊस आणि केळीचे खांब. काळी काच तेवढी विचित्र दिसत होती. मालकांच्या आई पुढे आल्या. त्यांनी ताटातलं ओलं हळदकुंकू घेतलं आणि थेट काचेवरच्या दोन गोलांत एकेक बोट लावलं. दुसरीकडे कुठे लावणार? मीच तिथे दोन रिकामे गोल काढून ठेवले होते. हळदकुंकवासाठीच आखल्यासारखे ते दिसत होते. मग त्यांनी दोन्ही तळहात टेकवले. मागून मालक, त्यांच्या घरच्या बायका, सुपरवायझर, मग एकेक कामगार. सगळे तसेच. सगळ्यांचे हात बरोबर गोलांवर. ड्रॉइंग करताना मी मनात धरलं होतं की सुरुवातीला लोकांना ही जागा शोधावी लागेल, शिकवावं लागेल. एकालाही शिकवावं लागलं नाही.

मागच्या बाजूला माझी बायको पात्याच्या तोंडाशी पडलेली झेंडूची फुलं वेचत होती. वाकून, दोन्ही हात आत घालून. पुढे प्रत्येक जण हात टेकवत होता तेव्हा मला पातं खाली आल्याचा आवाज ऐकू येत होता. मशीनमध्ये वीज नव्हती. फ्यूज माझ्या खिशात होता, मी तो बोटांनी चाचपत होतो, त्याची दोन्ही टोकं मला लागत होती. तरी आवाज येत होता. रांग संपेपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला.

दसऱ्याच्या सुट्टीत मी वर्कशॉप उघडून तशीच दुसरी एक पेटी घेऊन बसलो. शेठ रागावले होते, पण माझ्याबरोबर थांबले. आधी मी दोन्ही गोल काचेवरून काढून पेटीच्या खालच्या बाजूला नेले. तळहात वर करून खालून दाबायचे. उताण्या हाताने कुणी नमस्कार करत नाही. तात्पुरतं तसं जोडून मी अक्कांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी एकदा करून बघितलं आणि हात मागे घेतले.

"हे न्हाय जमायचं, भाऊ. सकाळी सकाळी मशीनपुढे भीक मागितल्यावानी हात पसरू काय मी?"

मग मी ते बाजूंना नेले, समोरासमोर, दोन्ही हातांनी डबा उचलावा तसे. हे अक्कांना पटलं. मला पटलं नाही. टॉवेलांचा गठ्ठाही बायका तसाच उचलतात. आज मला गठ्ठा सुचला, उद्या आणखी काही निघेल जे मी रोज बघतो आणि मला दिसत नाही. हात काय काय करू शकतो हे मोजता येतं. तो काय काय करत आला आहे, त्याची यादी कुणाकडे आहे?

शेवटी मी गोल काचेवरच राहू दिले आणि पुढच्या बाईकडून मागच्या बाईकडे गेलो. मागे, बायको बसते तिथे, हाताशी एक किल्लीची जागा केली. साधी किल्ली, पितळेची. ती फिरवलेली असेल तरच पुढची काच जिवंत होणार. हात आत घालायच्या आधी मागच्या बाईने किल्ली काढायची आणि स्वतःजवळ ठेवायची. मग पुढे कुणी हात टेको, कपाळ टेको.

शेठ म्हणाले, "किल्ली म्हणजे आपण चाळीस वर्षं मागे गेलो. हात ओळखणारी काच विकतोय आपण."

"काच हात ओळखते," मी म्हणालो. "तो कशासाठी आलाय ते ओळखत नाही."

शेठनी आणखी वाद घातला नाही. झाकणही परत बसवायचं, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी बघू म्हटलं.

पहिल्या पाळीला मी हजर होतो, फ्यूज परत बसवलेला. बायकोने किल्ली काढली, चांदीच्या छल्ल्यात अडकवून कमरेला खोचली आणि हात आत घातला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. अक्कांनी चपला काढल्या. काचेवर दोन्ही तळहात टेकवले, डोळे मिटले, पुटपुटल्या. काही झालं नाही. अक्कांनी डोळे उघडून काचेकडे बघितलं, जरा हिरमुसल्या.

"आता न्हाय ऐकत व्हय हे?"

"ऐकतंय अक्का," मागून बायको म्हणाली. "जरा थांबा, माझं होऊ द्या."

मी दिवसभर बरा होतो. संध्याकाळी बायको घरी आली, हातपाय धुतले, आणि भाकरीचं पीठ काढायला लागली. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुपरवायझर.

"साहेब, किल्ली कुठाय? दुसरी पाळी उभी हाय. मशीन चालू होईना."

मी बायकोकडे बघितलं. तिने कमरेकडे हात नेला. छल्ल्यात किल्ली होती.

"तू घेऊन आलीस?"

"तिथे ठेवली असती तर लावून ठेवली असती त्यांनी," ती म्हणाली. "कायमची. सुतळीने बांधून. मी बघितलंय, कपाटाची किल्ली तशीच बांधलीय."

फोनवर सुपरवायझर म्हणत होता, "वॉचमनकडे ठेवायची की हो. न्हायतर एक डुप्लिकेट करून द्या. तेवढंच सोपं."

डुप्लिकेट. हे माझ्या हिशोबात आलंच नव्हतं. एक किल्ली मागच्या माणसाच्या कमरेला, आणि दुसरी मशीनमध्ये. तो खुशाल हात आत घालेल, कमरेची किल्ली चाचपून, निर्धास्त.

"डुप्लिकेट करायची नाही," मी म्हणालो. "आम्ही येतो."

बायकोने पीठ झाकलं. आम्ही स्कूटरवर निघालो. अंधार पडायला लागला होता, कारखान्यांच्या बस परत येत होत्या. मागे ती एका हाताने मला धरून बसली होती. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असणार, कारण ती माझ्या बरगडीला लागत होती.

गेटवर सुपरवायझर उभा होता. त्याने हात पुढे केला. बायकोने किल्ली दिली नाही.

"दुसऱ्या पाळीला मागे कोण बसतं?"

"हाय एक गडी. मी देतो की त्याला."

"त्याला बोलवा."

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. तो आत गेला. बऱ्याच वेळाने एक चाळिशीतला माणूस बाहेर आला, डोक्यावर तूस, आपल्याला कशाला बोलावलं असेल या काळजीत. बायकोने त्याला किल्ली दाखवली.

"हात आत घालायच्या आधी ही काढायची. खिशात ठेवायची. कुणी मागितली तरी द्यायची नाही. रात्रपाळी संपली की माझ्याच हातात द्यायची. मी सकाळी गेटवर उभी असेन."

"लवकर जायचं असलं तर?" तो म्हणाला.

"तर थांबायचं."

त्याने मान हलवली आणि उजवा हात पुढे केला. त्या हाताला तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं. जुनं होतं, भरून आलेलं, गुळगुळीत. ते कोणत्या मशीनवर गेलं, कोणत्या कारखान्यात, आम्ही विचारलं नाही. बायकोने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. त्याची उरलेली बोटं मिटेपर्यंत ती तिथून हलली नाही.